हरलेल्या लढाईचा खेळ

३० मे १४३१ रोजी रूआँ शहराच्या बाजारचौकात जोन ऑफ आर्क हिला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा तिचे वय सुमारे १९ वर्षांचे होते. इतिहासकाराला एवढी नोंद करून पुढे जाता येते. परंतु याच हकिगतीवर संगणकावरचा खेळ रचावयाचा झाला, म्हणजे मोठा पेच पडतो. खेळणारा जोनचे सैन्य हाती घेऊन जिंकावयास बसलेला असतो, आणि तिचा शेवट तर ठरून गेलेला असतो.

अमेरिकेतील एन्सेंबल स्टुडिओज या कंपनीने १९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ काढला. त्यात सुटी लढाई खेळता येते, तशीच प्रसंगामागून प्रसंग गुंफलेली मोहीमही खेळता येते. जोनची मोहीम सहा प्रसंगांची आहे. रणात जोन पडली की डाव बुडतो. पण बुडालेला डाव पुन्हा मांडता येत असल्यामुळे तेथल्या मरणाला काही मोल उरत नाही. म्हणूनच की काय, तिचे खरे मरण रचनाकारांनी डावात आणलेच नाही. प्रसंगांच्या मधल्या जागेत तिचा एक सोबती, साधा शिपाई, घडलेले सांगत असतो. जोनचा अंत आपल्याला त्याच्याच तोंडून कळतो. तेथे खेळणाऱ्याचे हात रिकामे असतात. यानंतरचा अखेरचा प्रसंग १४५३ सालच्या कास्तियोंच्या लढाईचा आहे. ही लढाई फ्रेंचांनी खरोखरच जिंकली आणि शतवार्षिक युद्ध संपले. खेळणाऱ्याला विजय मिळतो, पण तो पाहावयास जोन नाही.

त्याच खेळातील बार्बारोसाच्या मोहिमेने निराळी वाट धरली. हा जर्मन सम्राट १० जून ११९० रोजी जेरुसलेमच्या वाटेवर, आजच्या तुर्कस्तानातील सालेफ नदीत बुडून मेला. त्याचे शव जेरुसलेमला कधीच पोचले नाही. खेळात मात्र ते पिंपात घालून तेथवर न्यावयाचे असते. मॉन्टेझुमाच्या मोहिमेत तर, जी २००० सालच्या ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीत आली, ॲझ्टेकांनी स्पॅनिश फौजेला हरविल्यावाचून शेवट होत नाही. इतिहासात १३ ऑगस्ट १५२१ रोजी टेनोच्टिट्लान पडले ते पडलेच.

या फेरफाराला हसावे, असे मला वाटत नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, हे मानावयास कित्येकांचे मन तयार नव्हते. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा त्यालाही अनुयायी मिळाले. पराभवाचा शेवट बदलून घेण्याची माणसाची ओढ संगणकाहून पुष्कळ जुनी आहे.

तरीही या तिन्हींत मला जोनची मोहीम सरस वाटते. कोणत्या ठिकाणी खेळणाऱ्याच्या हाती काही द्यावयाचे आणि कोणत्या ठिकाणी त्याला नुसते ऐकावयास लावावयाचे, हे तिच्या रचनाकारांनी नीट ओळखले. आज कित्येक मुलांना जोन किंवा बार्बारोसा हे नाव पाठ्यपुस्तकाआधी अशा खेळातच भेटते. टेनोच्टिट्लान वाचविल्याच्या आनंदात असलेल्या मुलाला ते शहर खरोखर वाचले नव्हते हे कोणी तरी सांगावयास हवे. जोनच्या मोहिमेत ते काम तो शिपाईच करतो.