फुकट गोल्फचं बिल

फ्लोरिडात 'द व्हिलेजेस' नावाची एक निवृत्त लोकांची वसाहत आहे. वसाहत म्हणजे आपल्याकडची चार बिल्डिंग आणि एक गणपती मंदिर नव्हे. तीन काउंट्यांमध्ये पसरलेलं अख्खं शहर आहे ते, आणि २०१० ते २०२० या दशकात अमेरिकेतल्या महानगर क्षेत्रांमध्ये सगळ्यात वेगाने वाढलेलं. तिची वर्षानुवर्षं चाललेली जाहिरात तीन-चार शब्दांत मावते: आयुष्यभर मोफत गोल्फ.

आता मंडळी, आपण सगळे 'फ्री ट्रायल'च्या काळात वाढलेली माणसं. क्रेडिट कार्डचा नंबर मागितल्याशिवाय जगात काहीही फुकट मिळत नाही हे आपल्याला कळतं. मग साठी-पासष्टीची, आयुष्यभर नोकरीधंदा करून आलेली माणसं या जाहिरातीला का भुलली? की भुलली नाहीतच, आणि हिशोब करूनच गेली? हे शोधायला गेलो, तर धागा फ्लोरिडातून थेट अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आणि तिथून १९५९ सालच्या एका गोठ्यात जाऊन पोचला. (हो, गोठ्यातच. येतोय त्यावर.)

सुरुवात यंगटाउनपासून. फिनिक्सच्या वायव्येला बेन श्लायफर नावाच्या गृहस्थाने १९५४ मध्ये हे गाव वसवलं. फक्त म्हाताऱ्यांसाठी घरं, पोराबाळांना परवानगी नाही. नाव मात्र 'तरुण गाव'! घरं साधी, स्वस्त, एक छोटं तळं, गप्पा मारायला जागा. गोल्फ कोर्स नाही. पेन्शनीत राहायचं तर खर्च कमी हवा, एवढा सरळ विचार. 

शेजारीच डेल वेब नावाच्या कंत्राटदाराला यात धंदा दिसला. हा वेब भारी असामी. मूळचा सुतार, बेसबॉलपटू व्हायचं स्वप्न, मग टायफॉइड झाला आणि प्रकृतीसाठी फिनिक्सला आला. तिथे बांधकामात असा वाढला की न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा सहमालक झाला. लास व्हेगासचं फ्लेमिंगो हॉटेल त्याच्याच कंपनीने बांधलं आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेली पोस्टनची छावणीसुद्धा. म्हणजे ऑर्डर कसली का असेना, डिलिव्हरी वेळेवर.

वेबच्या कंपनीने १९५९ मध्ये कापसाची साधारण वीस हजार एकर जमीन दीड कोटी डॉलरला घेतली. एकराला ७५० डॉलर. फिनिक्सजवळच्या जमिनीच्या मानाने हा भाव बराच कमी होता, कारण आसपास काहीच नव्हतं. आता वाळवंटात, शहरापासून लांब, घर कोण घेणार? इथे गोल्फ आला. बिल्डर आधी घरं विकतो आणि क्लबहाऊस 'फेज टू'मध्ये दाखवतो, ही जगरहाटी (पुण्यात फ्लॅट बुक केलेल्यांना वेगळं सांगायला नको). वेबने उलट केलं. गोल्फ कोर्स, मनोरंजन केंद्र, दुकानं आधी तयार केली आणि मग दारं उघडली. १ जानेवारी १९६० ला पाच नमुना घरं दाखवायला ठेवली. पहिल्या वीकएंडला दहा हजार लोक येतील असा अंदाज होता, आले सुमारे एक लाख. तीन दिवसांत २३७ घरं विकली गेली. किमती साडेआठ हजार डॉलरच्या आसपास सुरू होत होत्या. वसाहतीचं नाव सनसिटी. १९६२ च्या ऑगस्टमध्ये वेबसाहेब 'टाइम'च्या मुखपृष्ठावर.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. बिल्डरच्या दृष्टीने गोल्फ कोर्स हा खेळ नाहीच, ते जमिनीची किंमत वाढवायचं यंत्र आहे. कोर्सच्या कडेला प्लॉट पाडायचे आणि हिरवळ दिसते म्हणून जास्त पैसे घ्यायचे. घर घेणाऱ्याने आयुष्यात स्टिक हातात धरली नाही तरी बिघडत नाही, खिडकीतून हिरवं दिसलं की झालं. म्हणजे कोर्स बांधायचा खर्च घरांच्या किमतीतून वसूल. पण कोर्स दरवर्षी कापावा लागतो, पाणी घालावं लागतं, खत घालावं लागतं. बिल्डर घरं विकून निघून गेल्यावर हा खर्च कोणी करायचा? आपल्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपमेंटचं बजेट मंजूर आहे, मेंटेनन्सचं काय? या लेखातलं सगळं रामायण या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आता गोठा. १९५९ च्या सप्टेंबरपर्यंत वेबने ग्रँड अ‍ॅव्हेन्यूच्या दक्षिणेला गोल्फ कोर्सचं काम सुरू केलं होतं. त्याच सुमारास थोडं पुढे दुसरी मंडळी गुरांसाठी जमीन सपाट करत होती. ही गुरं पुष्ट करून कत्तलखान्याला पाठवायची जागा होती आणि ती वेबच्या आधीपासून, १९५६ पासून, तिथे होती. पुढे स्पर इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीने ती घेतली आणि ३५ एकरांची ११४ एकर केली. इकडे सनसिटी दक्षिणेकडे वाढत गेली. १९६७ च्या अखेरीस दोघांमध्ये एके ठिकाणी फक्त ५०० फूट अंतर उरलं. स्परकडे तेव्हा वीस ते तीस हजार गुरं होती आणि रोजचं ओलं शेण दहा लाख पौंडांवर. म्हणजे साडेचार लाख किलो. रोज! वेब कोर्टात गेला. तक्रार अशी की माश्या आणि वासामुळे आपले १३०० हून जास्त प्लॉट विकायच्या लायकीचे उरले नाहीत.

अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिलेला निकाल अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत अजून शिकवतात. कोर्ट म्हणालं, रहिवाशांना उपद्रव होतोय हे खरं, गोठा हलवा. पण वेबसाहेब, गोठा आधी होता, स्वस्त जमीन बघून लोकांना तिथे तुम्ही आणलंत. तेव्हा गोठा हलवायचा किंवा बंद करायचा वाजवी खर्च तुम्ही द्या. मला हा निकाल जाम आवडतो, कारण दोन्ही बाजूंचा हिशोब त्यात मांडला आहे. स्वस्त जमिनीत जी किंमत लपलेली होती ती बारा वर्षांनी वर आली आणि ज्याने नफा कमावला त्याच्याच नावावर लागली. असं क्वचित होतं.

कारण शाळांच्या बाबतीत तसं झालं नाही. सनसिटीत मुलं नव्हती, पण ती पिओरिया नावाच्या शालेय जिल्ह्यात येत होती, आणि अमेरिकेत शाळांच्या पैशांचा मोठा वाटा घरपट्टीतून येतो. नवी शाळा बांधायची तर कर्जरोखे काढायचे आणि त्यासाठी मतदान घ्यायचं. सनसिटीची मतं हजारोंनी, आणि म्हातारी माणसं मतदानाला चुकत नाहीत. बारा वर्षांत शाळांचे १७ प्रस्ताव पडले. शेवटी १९७४ मध्ये सनसिटीला त्या शालेय जिल्ह्यातून वेगळंच काढलं. रहिवाशांचं म्हणणं होतं, आम्ही आमच्या गावी आमच्या मुलांच्या शाळांचे पैसे भरून आलोय, आता बांधीव पेन्शनीवर दुसऱ्यांदा का? हे म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण मग त्या गावातल्या पोरांच्या शाळेचे पैसे कोणी भरायचे? एका बाजूला कापलेली हिरवळ, दुसऱ्या बाजूला पडलेले प्रस्ताव, हे चित्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

असो. मेंटेनन्सकडे परत. सनसिटी कधी नगरपालिका झालीच नाही. महापौर नाही, नगरसेवक नाही. गोल्फ कोर्स आणि क्लबहाऊस रहिवाशांच्या ना-नफा संस्थेकडे आले. आज तिच्याकडे आठ गोल्फ कोर्स आहेत. प्रत्येक घरमालकाने वार्षिक वर्गणी भरायची, आणि गोल्फ खेळायचा तर त्याचे पैसे वेगळे. १९९९ पासून नवीन घर घेणाऱ्याकडून एकरकमी काही हजार डॉलरही घेतात, जुन्या झालेल्या इमारती आणि कोर्स दुरुस्त करायला. आपल्या सोसायटीतला कॉर्पस फंड म्हणा ना. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मी लिफ्ट वापरत नाही, पहिल्या मजल्यावर राहतो' म्हणणारे काका तिथेही आहेतच, फक्त तिथे ते 'मी गोल्फ खेळत नाही' म्हणतात.

पाण्याचंही बिल आहे. वाळवंटातला १८ होलचा कोर्स वर्षाला साधारण चारशे ते साडेचारशे एकर-फूट पाणी पितो. म्हणजे ५०-५५ कोटी लिटर, रोजचे १४-१५ लाख. आपल्याकडे शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर असा सरकारी निकष आहे. त्या हिशोबाने एका कोर्सच्या पाण्यात दहा-अकरा हजार माणसं राहतील. भूजल फार उपसलं जातंय म्हणून अ‍ॅरिझोनाने १९८० मध्येच कायदा केला आणि मोठे गोल्फ कोर्सही त्याच्या मर्यादेखाली आले.

आता फ्लोरिडा. हॅरॉल्ड श्वार्ट्झ नावाचा माणूस तिथल्या जमिनीचे तुकडे टपालाने विकायचा. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने त्या धंद्यावर टाच आली, तेव्हा हाताशी उरलेल्या जमिनीवर त्याने फिरत्या घरांची वसाहत काढली. ती रखडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जेमतेम चारशे घरं. श्वार्ट्झची बहीण राहायची कुठे, तर सनसिटीत! तिथलं बघून त्याला कळलं की घर विकायचं नाही, रोजचा दिवस कसा जाईल ते विकायचं. १९८३ मध्ये मुलगा गॅरी मोर्स मदतीला आला. नऊ होलचा कोर्स बांधला आणि तो रहिवाशांना फुकट. त्यानंतर विक्री सुसाट. १९९२ मध्ये नाव 'द व्हिलेजेस' झालं. आज तिथे पन्नासच्या वर गोल्फ कोर्स आहेत.

फुकट कसं? नऊ होलचे छोटे कोर्स रहिवाशांना मैदानभाड्याशिवाय. मोठ्या कोर्सला पैसे पडतात. छोट्यावरही स्वतःची गाडी न्यायची तर वेगळी फी, चालत गेलात तरच खरं फुकट. आणि प्रत्येक घराने महिन्याला 'सुविधा शुल्क' भरायचं, जे सध्या दोनशे डॉलरच्या आसपास आहे आणि महागाई निर्देशांकाबरोबर चढतं. शिवाय नव्या घरावर रस्ते-गटारांच्या कर्जाचा वाटा वेगळा.

हिशोब करू. महिना २०० म्हणजे वर्षाला २४००. नवराबायको दोघांनी मिळून वर्षात २०० फेऱ्या मारल्या तर फेरीला १२ डॉलर, आणि वर पोहण्याचे तलाव, क्लब. चांगला सौदा आहे! म्हणजे ती पासष्टीची माणसं भुललेली नव्हती. पण वय थांबत नाही. गुडघे गेले, जोडीदार गेला, फेऱ्या शून्यावर आल्या, तरी शुल्क तेवढंच, उलट वाढलेलं. वीस वर्षांचे, वाढ न धरता, ४८ हजार डॉलर.

खरी इंजिनिअरिंग मात्र पुढे आहे. फ्लोरिडाच्या कायद्यात एक सोय आहे: विकासक आपल्या प्रकल्पासाठी एक छोटी सरकारी संस्था, 'जिल्हा', स्थापन करू शकतो. कोर्स आणि क्लब विकासकाने बांधायचे आणि या जिल्ह्याला विकायचे. किंमत किती? बांधकामाला लागले तेवढी नव्हे, तर पुढे वर्षानुवर्षं जे सुविधा शुल्क येणार त्या उत्पन्नाच्या हिशोबाने. जिल्ह्याने त्यासाठी करमुक्त रोखे काढायचे आणि रहिवाशांच्या शुल्कातून ते फेडायचे. आता या मध्यवर्ती जिल्ह्याच्या हद्दीत दुकानं आणि ऑफिसं होती, राहती घरं जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे मंडळ निवडायचे जमीनमालक, म्हणजे बहुतांशी विकासकाचीच माणसं. विकणारा आणि विकत घेणारा एकाच टेबलावर, आणि बिल खिडकीबाहेर उभ्या आजी-आजोबांना.

काही रहिवाशांनी २००७ मध्ये दावा लावला, की आमच्या शुल्कातून सुविधांच्या देखभालीला पुरेसे पैसे उरत नाहीत. २००८ मध्ये तडजोड झाली, सुमारे चार कोटी डॉलर अनेक वर्षांत द्यायचे ठरले आणि खर्चावर रहिवाशांनी निवडलेली समिती आली. त्याच वर्षी आयकर खात्यानेही चौकशी सुरू केली. २०१३ मध्ये खात्याचं मत पडलं की जो जिल्हा जनतेला कधीच उत्तर देणार नाही अशा पद्धतीने बनवलाय, त्याला सरकारी संस्था म्हणून करसवलत मिळू नये. २०१६ मध्ये हे सगळ्या देशाला लागू करणाऱ्या नियमाचा मसुदा निघाला, बिल्डर आणि स्थानिक संस्थांनी ओरड केली, आणि २०१७ मध्ये तो मागे घेतला गेला.

हे सगळं वाचायचं निमित्त सांगतो. पुण्यात आता ज्येष्ठांचे प्रकल्प बरेच झालेत. अथश्री वगैरे तर जुनंच नाव. आई-बाबांसाठी असंच एक ब्रोशर घरी आलंय. बाबांना नक्षत्र उद्यान आवडलं, आईला जेवणाचा हॉल. मी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'मासिक देखभाल शुल्क' शोधत बसलो आणि आईने विचारलं, "अरे, इतकं काय वाचतोयस?" मी बिल्डरला पाठवायला तीन प्रश्न लिहून काढलेत. बाग आणि हॉल शेवटी कोणाच्या नावावर होणार? शुल्क कोण वाढवणार आणि किती? दोघांपैकी एकच माणूस उरला तर शुल्क तेवढंच का? उत्तर अजून आलेलं नाही.

अमेरिकेत २००६ नंतर अनेक वर्षं नवे कोर्स उघडण्यापेक्षा बंद पडणारे जास्त होते. हिरवळ दिसते म्हणून जादा पैसे मोजलेल्यांच्या खिडकीबाहेर कित्येक ठिकाणी रान माजलं, आणि तिथे नवी घरं बांधायची परवानगी मागायला बिल्डर परत आले. सनसिटी आणि व्हिलेजेस टिकून आहेत. आणि यंगटाउन? १९९० च्या दशकात नातवाला घरी ठेवण्यावरून एका कुटुंबाचं गावाशी भांडण झालं. १९९८ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिथली वयाची अटच कायद्यात बसत नाही असं ठरवलं आणि गाव सगळ्यांना खुलं झालं. आता तिथे शाळेत जाणारी मुलं राहतात. गोल्फ कोर्स तेव्हाही नव्हता, आताही नाही.