वॉर्साचं 'जुनं' शहर

पोलंडला मुलीकडे गेलो तेव्हा वॉर्साचं जुनं शहर पाहिलं. रंगीत घरांच्या भिंतींवरून हात फिरवत म्हटलं, "तीनशे वर्षांची तरी असतील!" मुलगी हसली, "बाबा, तुमच्याच वयाची आहेत."

१९४४च्या उठावानंतर जर्मनांनी हा भाग जवळजवळ जमीनदोस्त केला. बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी मोजमापं घेऊन काढलेले नकाशे समोर ठेवून पोलिश लोकांनी तो पुन्हा उभारला. १९८० साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशातही घेतलं.

वर्गात मी अस्सल-नक्कल फार करायचो. इथे नक्कल म्हणायला जीभ रेटेना.

आपला वाडा पाडला, तेव्हा कुणी फोटोसुद्धा काढला नाही. त्या रात्री वहीत आखायला बसलो. ओसरी, माजघर, जिना जमलं. न्हाणीघराचं दार कुठल्या बाजूला होतं? ताई, आठवत असेल तर कळव.