धामापूरचा तलाव : दक्षिण कोकणातील मृदा-जलसंधारणाची परंपरा आणि पर्यावरणशिक्षण

प्रस्तावना

कोकणच्या इतिहासलेखनात बंदरे, आरमार आणि जलदुर्ग यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. मालवणचा उल्लेख होताच १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला डोळ्यांसमोर येतो. त्याच तालुक्यातील धामापूरचा तलाव परंपरेनुसार या किल्ल्याहूनही सुमारे १३४ वर्षांनी जुना आहे आणि आजही वापरात आहे. प्रस्तुत लेखात या तलावाची निर्मिती, त्यामागील मृदा-जलविचार आणि पर्यावरणशिक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा परामर्श घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. सह्याद्री आणि समुद्र यांमधील पट्टा अरुंद व उताराचा असल्याने नद्या-ओढ्यांचे पाणी वेगाने समुद्रास मिळते. जांभा खडक सच्छिद्र असल्यामुळे जमिनीत मुरलेले पाणीही फार काळ टिकत नाही. परिणामी चैत्र-वैशाखात अनेक गावांतील विहिरी तळ गाठतात. डोंगरउतारावरील झाडोरा गेला की पावसाच्या माऱ्याने माती वाहते आणि सखल भागातील ओढे व तळी गाळाने भरतात. म्हणून या प्रदेशात पाणी अडविणे आणि माती धरून ठेवणे या दोन बाबी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

तलावाची निर्मिती

विजयनगरच्या राजघराण्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने १५३० मध्ये हा तलाव बांधला, असे परंपरा सांगते. या परंपरेकडे चिकित्सकपणे पाहणे आवश्यक आहे. गोवा १४७२ मध्ये बहमनी सत्तेकडे आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेला होता, तर दक्षिण कोकणात आदिलशाहीचा प्रभाव प्रस्थापित झाला होता. अशा काळात गोव्याच्या उत्तरेस विजयनगरचे मांडलिकत्व कितपत प्रत्यक्ष होते, हा प्रश्न उरतोच.

तथापि तलावाची रचना विजयनगरच्या जलपरंपरेशी जुळणारी आहे. आंध्र प्रदेशातील पोरुमामिळ येथील १३६९ च्या शिलालेखात तलावबांधणीची बारा साधने आणि सहा दोष सांगितले आहेत. डोंगरांमधील खिंडीत आखूड पण भक्कम बांध, विस्तृत व खोल तळ आणि जवळच सुपीक शेती ही त्यांतील काही साधने होत. धामापूर येथेही दोन डोंगरांमधील अरुंद जागा बांधाने अडवून पाणी साठविले आहे आणि खालच्या बाजूस धामापूर व काळसे या गावांची शेती आहे. सभोवतालच्या डोंगरांवरील दाट वृक्षराजी माती धरून ठेवते. जंगल, बांध, पाट आणि शेती यांची ही एकसंध साखळी होय. तिचा एक दुवा तुटला तरी उरलेल्यांवर परिणाम होतो.

लोकश्रद्धा आणि सामूहिक जबाबदारी

या तलावाने अनेक राजवटी पाहिल्या. मालवण १८१२ मध्ये करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. सत्ता बदलल्या, तरी तलावाशी गावाचे नाते कायम राहिले. त्याचे एक केंद्र म्हणजे काठावरील श्री देवी भगवतीचे मंदिर.

लग्नकार्यासाठी दागिने हवे असल्यास फुलांचे दागिने परडीत ठेवून तळ्यात सोडावेत. तळे तसेच सोन्याचे दागिने देई आणि कार्य उरकताच ते परत करावे लागत. कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि तळ्याने देणे थांबविले, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ती घेता येणार नाही. पण मूल्यविचाराचा पुरावा म्हणून ती महत्त्वाची आहे. तळ्याकडून घेतलेले उसने असते आणि एकाच्या लोभाची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते, ही शिकवण तीत आहे.

वर्तमान स्थिती आणि पर्यावरणशिक्षण

आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये धामापूर तलावास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. पोरुमामिळचा तलावही त्याच वर्षी या यादीत आला. या गौरवाला एक विसंगतीची किनार आहे. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येतून सिंचन व पेयजल यांसाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. जी मानवनिर्मिती वारसा म्हणून गौरविली जाते, तीच कायदेशीर संरक्षणाच्या आड येऊ शकते. जवळजवळ पाच शतकांत तलावाभोवती उभी राहिलेली जीवसृष्टी लक्षात घेता या व्याख्येचा पुनर्विचार व्हावयास हवा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. पुढे महाविद्यालयांत तो आलाही. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याचा प्रकल्प ग्रंथालयातच पूर्ण होतो. धामापूर येथे ‘स्यमंतक’ या संस्थेने परिसरालाच अभ्यासवर्ग मानून शिक्षणाचा प्रयोग केला. जिल्ह्यात पावसाळ्यानंतर गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यांवर वनराई बंधारे घातले जातात. विद्यार्थी त्यात सहभागी झाल्यास त्यांना जलसंधारणाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळते. महाविद्यालयांनी गावोगावच्या तळ्यांची ऋतुमानानुसार पाणीपातळी, गाळ, पाटांची स्थिती आणि वृद्धांच्या आठवणी यांची सातत्यपूर्ण नोंद ठेवल्यास स्थानिक इतिहासाची विश्वसनीय साधने निर्माण होतील.

समारोप

धामापूरच्या इतिहासात बांधणाऱ्याचे नाव परंपरेने जपले. राखणाऱ्या पिढ्या मात्र अनामिक राहिल्या. तलावाचे दीर्घायुष्य बांधाच्या मजबुतीइतकेच त्यांच्या नित्य जबाबदारीवर अवलंबून होते. आता शेतीबरोबर मालवण शहराच्या नळांनाही हे पाणी लागते आणि पर्यटकांचा ओघही वाढत आहे. लाभधारकांचे वर्तुळ विस्तारत असताना जबाबदारीचे वर्तुळ गावापुरतेच राहिले, तर आख्यायिकेतील तळ्याप्रमाणे या तलावाचेही देणे आटेल. ते वर्तुळ विस्तारणे हेच पर्यावरणशिक्षणाचे येथील खरे कार्य होय.