मोक्षमूलर भट्टांचे आडनाव

सायणभाष्यासह संपूर्ण ऋग्वेद १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत ज्यांनी छापून काढला, त्या मॅक्स म्युल्लर साहेबांनी ग्रंथाच्या संस्कृत मुखपृष्ठावर आपले नाव ‘मोक्षमूलर भट्ट’ असे घातले होते. नाव मोठे भारदस्त खरे. परंतु मूळ आडनाव उकलू गेल्यास त्यात मोक्षही नाही आणि मूळही नाही. आहे ते नुसते पीठ! म्युल्लर म्हणजे दळण दळून देणारा, चक्कीवाला.

आज जर्मनीत सर्वांत अधिक आढळणारे आडनाव हेच आहे, स्वित्झर्लंडातही तेच. लॅटिनमधील ‘मोलिनारियुस’ हा शब्द रोमन पाणचक्क्यांबरोबर उत्तरेकडे गेला आणि जर्मन जिभेवर घासून घासून त्याचा ‘म्युल्लर’ झाला. बाराव्या शतकापासून शहरे वाढली, एकाच नावाची दहा माणसे एका गल्लीत नांदू लागली, तेव्हा ‘कोणता योहान?’ या प्रश्नाला ‘चक्कीवाला योहान’ हे उत्तर मिळू लागले. पुढे नातू पाव भाजू लागला तरी आडनाव चक्कीचेच राहिले. आपल्याकडे कुलकर्ण गेले तरी कुलकर्णी उरले, तसेच हे.

आपल्या बारा बलुत्यांत मात्र दळणारा नाही. पहाटेच्या काळोखात जात्याशी बसणाऱ्या घरच्या बायकांनीच ते काम उचलले होते. मग त्याचे आडनाव कुठून होणार? जर्मन खेड्यात प्रकार निराळा. ओढ्यावरची चक्की बहुधा जमीनदाराची किंवा मठाची असे आणि आसपासच्या कुळांनी तिथेच दळले पाहिजे, असा दंडक असे. दळणाऱ्याला मजुरी धान्याच्या हिश्शात मिळे. अनेक ठिकाणी हा हिस्सा सोळावा असे. आता माप त्याच्या हातात आणि पोते आपले! चोरीचा संशय न येईल तरच नवल. गावाबाहेर पाण्याकाठी राहणारा, रात्रीबेरात्री चक्की फिरवणारा हा माणूस हळूहळू ‘अप्रतिष्ठित’ धंदेवाल्यांत ढकलला गेला. त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघांत उमेदवारी मिळेना. अखेर १५४८ मध्ये आणि पुन्हा १५७७ मध्ये साम्राज्याला फर्मान काढून सांगावे लागले, की कोष्टी, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले यांची मुले या कारणाने नाकारू नयेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली, यातच सारे आले. ज्या नावापायी दार बंद होत असे, तेच आज दर गल्लीत दारावर लागलेले दिसते!

उत्तरेच्या सखल प्रदेशात त्याचे ‘म्योल्लर’ झाले, बव्हेरियाच्या बाजूस ‘मिल्लर’. म्युनिचचे प्रसिद्ध ‘डॉइचेस म्युझियम’ १९०३ साली स्थापणारे ऑस्कर फॉन मिल्लर हे त्यांपैकीच. पंडितांना साधे नाव रुचेना, त्यांनी ‘मोलिटोर’ असे लॅटिन सोवळे नेसवले. अठराव्या शतकात ऱ्हाइनकाठची कुटुंबे पेनसिल्व्हेनियात गेली, तिथे त्यांचे ‘मिलर’ होऊन ती इंग्रज मिलरांत अशी मिसळली, की आता निवडणे कठीण.

मॅक्स म्युल्लरांच्या घराण्याची गंमत तर औरच. त्यांचे आजोबा देसाऊचे शिंपी. वडील विल्हेल्म कवी. त्यांनी एका चक्कीवाल्याच्या सुंदर मुलीवर गीतमाला लिहिली आणि शूबर्टने ती १८२३ साली स्वरबद्ध केली. त्याच वर्षी मॅक्सचा जन्म. म्हणजे शिंप्याच्या मुलाने, म्युल्लर नावाने, म्युल्लरच्या मुलीची गाणी लिहिली! पुढे म्युल्लरांची गर्दी पाहून चिरंजिवांनी ‘मॅक्स’ हे पाळण्यातले नावही आडनावाला जोडून घेतले.

१८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा ‘ओरायन’कर्त्या विद्वानाला सोडावे म्हणून विलायतेत जो अर्ज झाला, त्यात पुढाकार याच म्युल्लरांचा होता. आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रतही त्यांनी टिळकांकडे तुरुंगात धाडली. १८९८ च्या सप्टेंबरात, मुदतीपूर्वीच, टिळक सुटले.