कॅसेटमधला मारिओ आणि आपल्या तीन पिढ्या

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीने मला ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असे सांगितले. सोसायटीची नोंदणी, पाण्याची टाकी, लिफ्टचे प्रकरण यांवर इतर जाणकार सभासद लिहितीलच. मी मात्र एका वेगळ्याच वस्तूचा इतिहास लिहितो आहे. ती म्हणजे टीव्हीला जोडायचा, कॅसेटचा व्हिडिओ गेम. आपल्या तीन पिढ्या या वस्तूकडे इतक्या वेगळ्या नजरेने बघतात, की तिचा इतिहास सांगितल्याशिवाय त्यांचे आपसात पटायचे नाही.

गेल्या गणेशोत्सवात आपल्या तरुण मंडळींनी माळ्यावरचा जुना गेम आणि जुना डबा-टीव्ही हॉलमध्ये लावला होता, हे अनेकांना आठवत असेल. आजची आठ-दहा वर्षांची मुले जमली. एकाने मारिओला पुढे सरकवायला थेट टीव्हीच्या काचेवरच बोट फिरवले. तीन वेळा मेल्यावर दुसरी म्हणाली, “हे परत पहिल्यापासून का सुरू झालं? सेव्ह कुठे होतं?” तिचे बाबा म्हणाले, “अगं, तीच तर मजा! आम्ही असंच खेळायचो. तुम्हाला जरा म्हणून पेशन्स नाही.” आणि मागच्या खुर्च्यांवरची आमची पिढी? आमच्या लेखी तेव्हाही तो टाइमपास आणि आत्ताही टाइमपासच.

पण त्या मुलीचा प्रश्न रास्त होता. परत पहिल्यापासून का? याचे उत्तर नाण्यात आहे.

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाचा खेळ काढला. पडद्यावर दोन दांड्या आणि एक ठिपका, म्हणजे टेबल टेनिसच. पहिले यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका बारमध्ये ठेवले. थोड्याच दिवसांत ‘यंत्र बंद पडलं’ असा निरोप आला. ते बनवणारे ॲलन अल्कॉर्न बघायला गेले, तर बिघाड कसलाच नव्हता. नाण्यांचा डबा गच्च भरल्यामुळे नवे नाणे आत जात नव्हते. पुढे १९७८ साली जपानमधून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० साली ‘पॅकमॅन’ आले. हे सगळे खेळ पार्लरमधल्या यंत्रावरचे. मागे रांग उभी असताना एकच मुलगा तासभर खेळला तर मालकाने कमवायचे काय? म्हणून मोजके ‘लाइफ’ द्यायचे, खेळ झपाट्याने अवघड करत न्यायचा, आणि गडी बाद झाला की दुसरे नाणे. मुंबई-पुण्यातल्या पार्लरमध्येही हाच हिशेब होता. खेळ घरी आल्यावर नाणे गेले, पण त्याची शिस्त मागे राहिली.

दुसरे कारण जागेचे. आम्हा फ्लॅटवाल्यांना हे लगेच पटेल! १९८५ साली निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, तो अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच ठेवले, फक्त रंग बदलला. मारिओला मिशी आणि टोपीसुद्धा काटकसरीतूनच मिळाली. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड आणि केस दाखवता येईनात, म्हणून त्याचे जनक शिगेरू मियामोतो यांनी ही युक्ती काढली. एवढासा खेळ महिनोन्‌महिने पुरवायचा, तर तो अवघड ठेवणे भागच होते.

तिसरी गोष्ट आम्हा बँकवाल्यांच्या जिव्हाळ्याची. लेजरचे पान भरले की आम्ही बाकी पुढच्या पानावर ओढायचो. त्या काळच्या बहुतेक कॅसेटमध्ये ही सोयच नव्हती. वीज गेली की सगळी शिल्लक शून्य. आपल्याकडे तर लोडशेडिंग! शिवाय आपल्या बाजारात आलेले बहुतेक गेम म्हणजे निन्टेन्डोच्या नकला होत्या. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असे ठळक लिहिलेले, आत तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून. चालेना झाली की कॅसेट काढून फुंकर मारायची आणि परत बसवायची. खरे तर फुंकरीतल्या दमटपणाने आतले धातूचे दात खराबच व्हायचे. काम व्हायचे ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.

म्हणजे आज ज्याला ‘पेशन्स’ म्हणून गौरवले जाते, ती अंगची शिस्त कमी आणि नाइलाज जास्त होता. दुसरा पर्यायच नव्हता.

आजच्या खेळाचा हिशेब उलटा आहे. तो मोबाइलवर फुकट मिळतो. कमाई होते ती जाहिरातींवर आणि खेळताना आत घेतलेल्या वस्तूंवर. म्हणून मुलाला लवकर बाद करण्यात कंपनीचा फायदा नाही, त्याला धरून ठेवण्यात आहे. रोज उघडले तर बक्षीस, आणि शेवट म्हणून नाहीच. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’मध्ये पाच लाइफ असतात. एक गमावले तर अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. जुना खेळ म्हणायचा ‘ऊठ, दुसऱ्याला बसू दे’. नवा म्हणतो ‘बस रे, कुठे निघालास?’ पैसा कोण कधी देतो ते पाहिले, की मुलांचे वागणे बरेचसे समजते.

सोसायटीच्या २००३ सालच्या एका सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे : ‘मुले टीव्हीला गेम लावून बसतात, खाली येत नाहीत, पालकांनी लक्ष द्यावे.’ तीच मुले आज पालक आहेत आणि मोबाइलबद्दल तंतोतंत तीच तक्रार करतात. तक्रार खोटी नाही, पण ‘आजच्या मुलांना अवघड झेपत नाही’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याला एक पक्का दाखला देतो.

‘टेट्रिस’ हा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी केला. निन्टेन्डोच्या टीव्हीवरच्या संचासाठी तो १९८९ साली आला. त्यात २९व्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने पडतात, की तिथेच खेळ संपतो असे वर्षानुवर्षे मानले जाई. पुढे नव्या पोरांनी एकमेकांचे व्हिडिओ बघून नवी पद्धत बसवली. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि रिमोटच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटे तबल्यासारखी वाजवायची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला अवघा तेरा वर्षांचा मुलगा १५७व्या पातळीपर्यंत पोचला आणि खेळच गोठला. माणसाने त्या यंत्राला हात टेकायला लावले ते प्रथमच, आणि तेही खेळाच्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलाने.

त्याला ते कसे जमले? मला वाटते, त्याच्याकडे जुन्या आठवणी नव्हत्या म्हणून. पालकांना कॅसेट बघितली की सुट्टी, मामाचे घर, भावंडांची भांडणे आठवतात. आम्हाला वीजबिल आठवते. मुलाला फक्त समोरचा खेळ दिसतो. त्यातले दोष त्याला आपल्याआधी दिसतात, आणि न सुटलेले गणितही त्यालाच दिसते.

म्हणून समितीला एकच विनंती. हॉलमधला तो जुना संच भंगारात देऊ नये. सुट्टीत तो मुलांसाठी लावून द्यावा, आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्ये आपण मोठ्यांनी तेवढा वेळ गिळावीत. मूल ‘असं का?’ विचारेल, तेव्हा नाण्याची गोष्ट जरूर सांगावी. त्यातून त्याला स्वतःच्या मोबाइलचा हिशेबही कळेल.