आणीबाणीनंतरचे पक्ष

आणीबाणी संपल्यावर निवडणुका पूर्ववत सुरू झाल्या. जून १९७५ पूर्वीची पक्षरचना मात्र पूर्ववत झाली नाही. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकांची घोषणा झाली. पाचच दिवसांनी संघटना काँग्रेस, भारतीय जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष यांनी जनता पक्षाची स्थापना जाहीर केली. वेळ अपुरा असल्याने बहुतेक उमेदवार लोकदलाच्या ‘नांगरधारी शेतकरी’ या चिन्हावर लढले. जनता पक्षाला २९५, तर काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या. घटक पक्षांचे विधिवत विलीनीकरण १ मे रोजी, म्हणजे सत्ता हाती आल्यावर झाले.

तुरुंगवासाने एकत्र आणलेल्या या गटांचे कार्यकर्ते, मतदार आणि निष्ठा वेगळ्याच राहिल्या. ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी लादणे अवघड केले, हे या सरकारचे टिकाऊ काम. पण पक्षाचे सभासदत्व आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते एकाच वेळी ठेवता येईल का, या द्विसदस्यत्वाच्या वादावर तडजोड निघाली नाही. मधू लिमये यांनी हा प्रश्न लावून धरला. नेतृत्वाच्या स्पर्धेची त्यात भर पडली आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार गेले.

पराभवाने काँग्रेसही दुभंगली. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधींनी वेगळा पक्ष काढला आणि ‘हात’ हे चिन्ह घेतले. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला, तरी दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आदींसह त्यांनी पुरोगामी लोकशाही दलाचे, अर्थात ‘पुलोद’चे सरकार बनवले. एका पक्षाच्या बहुमताची सवय असलेल्या राज्याला आघाडीच्या राजकारणाची ओळख झाली.

१९८० मध्ये इंदिरा काँग्रेस ३५३ जागांसह केंद्रात परतली. जनसंघाच्या मंडळींनी ६ एप्रिलला भारतीय जनता पक्ष स्थापला. जुने नाव न घेता डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात त्यांनी गांधीवादी समाजवादाचा पुरस्कार केला. समाजवादी आणि लोकदलवाले पुढेही फुटत आणि जुळत राहिले. जनता पक्षाचा प्रयोग तीन वर्षांत मोडला, पण काँग्रेसला देशपातळीवर पर्याय उभा राहू शकतो, हे त्याने मतपेटीतून सिद्ध केले.