वाकडा कणा आणि माणसाचे उपाय

मथुरेच्या कुब्जेची कथा आपणांपैकी पुष्कळांनी कीर्तनात ऐकली असेल. तीन ठिकाणी वाकलेल्या त्या स्त्रीचे चवडे श्रीकृष्णाने आपल्या पायांनी दाबून धरले, दोन बोटे हनुवटीखाली घातली आणि तिला वर उचलून सरळ केले, असे भागवताच्या दशमस्कंधात सांगितले आहे. कथेतील भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून नुसती कृती पाहिली, तर खालून धरायचे आणि वरून ताणायचे, एवढीच ती आहे. माणसांच्या जगातले वैद्यही दोन हजारांहून अधिक वर्षे हेच करीत आले. यश मात्र त्यांना देवाचे आले नाही.

हिपॉक्रेटीस या ग्रीक वैद्याच्या नावावर चालत आलेल्या 'सांध्यांविषयी' या ग्रंथात रोग्याला शिडीस बांधून ती शिडी उंचावरून खाली सोडण्याचा उपाय वर्णिला आहे. पण लेखक लगेच सांगतो की, या रीतीने कोणी सरळ झाल्याचे आपणास ठाऊक नाही आणि बघ्यांना थक्क करू पाहणारे लोकच ती वापरतात. फसलेले प्रयत्नही लिहून ठेवावेत, असे त्याचे मत होते. हा प्रामाणिकपणा त्याच्यामागून आलेल्या फार थोड्यांना साधला. इ. स.च्या दुसऱ्या शतकात गेलनने पाठीच्या निरनिराळ्या विकृतींना नावे दिली; बाजूच्या वक्रतेचे 'स्कोलिओसिस' हे नाव तेव्हापासूनचे. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आंब्र्वाझ पारे याने लोखंडी पत्र्याचे कवच सुचविले.

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याचे मुलांचे शरीर सरळ राखण्याविषयीचे पुस्तक निघाले. आज ज्याला आपण 'ऑर्थोपेडिक' म्हणतो तो शब्द याच पुस्तकाने जगाला दिला. खुंटास बांधलेल्या वाकड्या रोपट्याचे त्यातले चित्र आजही त्या शास्त्राचे बोधचिन्ह आहे. चित्र सुंदर खरे, पण त्याने एक गैरसमज पोसला असे मला वाटते. रोप निगा न राखल्याने वाकते, म्हणून मुलाचा कणाही वाईट बसण्यानेच वाकत असला पाहिजे! एकोणिसाव्या शतकात शाळेच्या बाकांवर याचे खापर फुटले, आणि "पोक काढून बसू नकोस" हा आपल्या घरांतला धाकही त्याच समजुतीतला.

वस्तुस्थिती निराळी आहे. या विकारात कणा नुसता एका बाजूला झुकत नाही. मणके स्वतःभोवती पिळले जातात आणि बरगड्यांनाही ओढून नेतात. काही मुलांचे मणके गर्भातच अपुरे किंवा जोडलेले घडतात. काहींना पोलिओ, मेंदूचा पक्षाघात किंवा स्नायूंचा ऱ्हास यांमुळे वक्रता येते. उतारवयात मणक्यांची झीज होऊनही ती येते. परंतु सर्वांत मोठा वर्ग, सुमारे ८० टक्के, अशांचा की ज्यांचे निश्चित कारण आजही सापडलेले नाही. आनुवंशिकतेचा त्यात भाग आहे. बसण्याच्या सवयीने तो होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. दहा-बारा वर्षांची मुलगी झपाट्याने वाढू लागली की वक्रताही वाढते, आणि दोष मात्र तिच्या बसण्याला दिला जातो.

उपायांकडे वळू. न्यूयॉर्कच्या लुईस सेअर यांनी रोग्याला हनुवटी व काखांशी टांगून त्याच स्थितीत अंगावर प्लॅस्टर चढविण्याची पद्धत १८७७च्या ग्रंथात मांडली. हनुवटी पुन्हा आलीच! त्याच शहरात १९११ साली रसेल हिब्ज यांनी क्षयाने पोखरलेले मणके एकमेकांशी सांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि लवकरच ती वक्रतेसाठीही वापरली. तथापि १९४१ साली अमेरिकन अस्थिविशारदांच्या संस्थेने जुन्या रोग्यांची छाननी केली, तेव्हा निष्कर्ष निराशाजनक निघाले. नुसत्या व्यायामाने सुधारणा दिसत नव्हती, आणि शस्त्रक्रियेनंतरही वाक परत येत होता. १९४८ साली जॉन कॉब यांनी क्ष-किरण चित्रावर वक्रतेचा कोन मोजण्याची रीत घालून दिली. सगळे एकच माप वापरू लागल्यावर खोट्या यशाला लपायला जागा उरली नाही. १० अंशांच्या आतला वाक आज विकार मानीत नाहीत.

पोलिओच्या साथींनी ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे वाकलेल्या मुलांची रांग लावली. त्यांनी पोलादी सळई व आकडे कण्याला बसविले. आकडे निसटत, सळया मोडत. अखेर सळईला हिब्जच्या सांधणीची जोड मिळाली. १९६२ साली त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. ही सळईही ताणतच होती, आणि काहींच्या कमरेचा नैसर्गिक बाक तिने सपाट केला. १९८०च्या दशकात फ्रान्समधील कोत्रेल व द्युबुसे यांनी पीळही उलट फिरविणारी रचना आणली.

आता साधारणपणे २५ अंशांखालच्या वक्रतेवर केवळ नजर ठेवतात. वाढत्या वयात २५ ते ४० अंशांपर्यंत पट्टा देतात. ५०च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. पट्टा खरोखर उपयोगी पडतो का, याचा भक्कम पुरावा मात्र २०१३ सालीच मिळाला. अमेरिका व कॅनडातील त्या पाहणीत पट्टा लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुले शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत पोचली नाहीत. न लावलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाकाठी सुमारे तेरा तासांहून अधिक वेळ तो वापरणाऱ्यांत तर दहांपैकी नऊ मुले वाचली. पण पट्ट्याचा उपयोग हाडे वाढत आहेत तोवरच. म्हणून मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर तिला न रागावता डॉक्टरांकडे न्यावे.